उणे वीस

दुपारी अडीचला गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर उडाला
आणि फ्रीझरवरचा आकडा चढायला लागला.
उणे वीस. उणे सतरा.
आत होक्काइदोच्या ईशान्य टोकाकडच्या एका तळ्याचा तळ:
साडेचार मीटर चिखल,
नऊ नळ्यांत आडवा झोपलेला.
वितळला की थर एकमेकांत शिरतात,
मग कुठलं शतक कुठलं, ते कुणाला विचारायचं?

जनरेटरला डिझेल नव्हतं.
डिझेलची फाईल अकाउंट्सला होती.
नलावडे मॅडम म्हणाल्या, बर्फ आणा, कुठूनही.

खडकीला इक्बाल मणेरचा बर्फाचा कारखाना.
"लग्न का?"
"नाही. चिखल."
तो हसला नाही. लादीवर भुसा टाकत विचारलं, "किती जुना?"
"खालचा तीन हजार वर्षांचा."
"मग पैसे उद्या द्या.
घाई त्याला नाही, बर्फाला आहे."

स्कूटरवर, पायांशी गोणपाट,
चपलेत गार पाणी, डोक्यावर मे महिना.
संचेतीच्या सिग्नलला एक मूल वाकून बघत होतं
मी कशाची गळते आहे ते.

मी परागकण मोजते. एकोणीस वर्षं झाली.
चौथ्या नळीत बोटभर राख आहे, तिथला एक डोंगर फुटला तेव्हाची.
राखेखाली भूर्ज, फर, थोडा सातू,
शेणावरच्या बुरशीचे बीजाणू,
म्हणजे कुणी जनावरं पाळून होतं, पेरत होतं.
राखेत काही नाही.
राखेवर तीन सेंटिमीटर काही नाही.
त्या तीन सेंटिमीटरला मला अकरा दिवस लागले.
काही नसलेलंही मोजावं लागतं, रकान्यात शून्य भरून.
मग एक कण. दवणा.
आपला नव्हे, दवण्याची तिथली थोराड बहीण.
पण मी खुर्चीवरून उठले
आणि उगाच हात धुऊन आले.

सोनोदाने एका जुन्या वहीची प्रतही पाठवली आहे.
दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडून आलेला कारकून
किनाऱ्यावरची घरं मोजत गेला,
आयनू माणसांची नावं त्याला ऐकू आली तशी लिहीत.
एका ओळीत: बाई, वय पन्नासच्या आसपास.
नाव सांगत नाही.

वरच्या मजल्यावरचे तासकर मोडी वाचतात,
जपानी अक्षर त्यांना एक येत नाही.
त्यांनी कागद उजेडाला धरला, भिंग फिरवलं,
आणि नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं.
"इथे शाई फुगलीय.
इथे हा बराच वेळ थांबला होता."

चिखल आपला नाही. उसना आहे.
काम झालं की उरलेला परत, अशी अट आहे,
तिथल्या लोकांनी सही घेऊन ठेवली आहे.
त्यांच्याकडून पूर्वी संशोधनाला म्हणून कवट्या नेल्या होत्या,
मोजल्या, आणि कपाटात ठेवून दिल्या.
सोनोदाने पत्रात एवढंच लिहिलं, पुढे हवामान लिहिलं.

सात वाजून दहा मिनिटांनी पंखा हलला.
उणे चार. उणे पाच.
कुणी टाळी वाजवली नाही,
मॅडम भिंतीला टेकून तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी चौथ्या नळीची नवी पट्टी भिंगाखाली घेतली.
राखेच्या वर, शून्यांच्या ओळीत
एक गोल, भरलेला, ताजा कण.
ओळखायला क्षणही लागला नाही.
उकडतं म्हणून काल खिडक्या उघड्या होत्या,
आणि टेकडीवरून दिवसभर वारा.

आई शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करायची नाही.
निदान चार शेंगदाणे.

नोंदवहीत नियमाप्रमाणे लिहिलं:
दूषण. सुबाभूळ. एक. पुणे.
पुण्यापाशी
शाई जरा फुगली.